चवींच्या कार्डांचा संच: वर्षभर वर्गात वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, अप्पा बळवंत चौकातून फ्लॅशकार्डांचा एक संच घेतला. विषय खाण्याचे पदार्थ आणि त्यांच्या चवी, डब्यावर वय लिहिलंय 5 ते 9. छापील किंमत 480 रुपये, दुकानदाराने 430 ला दिला. आत 60 कार्डं, 16 पानी पुस्तिका, आणि झाकणाच्या आतून मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन, उच्चार ऐकण्यासाठी. प्रकाशकाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. असे आणखी दोन-तीन संच मी त्याच दुकानात उघडून पाहिले. त्यांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नव्हतं, त्यामुळे मी जे लिहिणार आहे ते यांपैकी कुठलाही संच घेणाऱ्याला उपयोगी पडेल.

मी पुण्यात खराडीच्या बाजूला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिली ते तिसरीला मराठी शिकवते. अकरा वर्षं झाली. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, आणि माझा वर्ग पार बदलला. आता दुसरीच्या 34 मुलांत घरी मराठी बोलणारी जेमतेम अकरा. बाकी हिंदी, तेलुगू, तमिळ, बांगला, मल्याळम. या मुलांना मराठी बोलतं करायचं तर खाण्यासारखा विषय नाही. सकाळी साडेदहाला 34 डबे उघडतात आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. फक्त सांगायला शब्द नसतो. त्या शब्दांसाठी हा संच घेतला.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. फोटो सुरेख आहेत, आणि ते आपल्याच घरातल्या ताटांचे वाटतात. पिठलं लोखंडी कढईत आहे, कडेला जराशी खरवड धरलेली. थालीपिठाला मधे भोकं आहेत आणि भोकांभोवती तेल चकाकतंय. भाकरीचा पापुद्रा सुटलेला दिसतो. शिवाय इडली आहे, पराठा आहे, रसगुल्ला आहे, म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाला एखादं तरी कार्ड आपल्या घरचं वाटतं. पहिल्या दिवशी बंगाली मुलगी रसगुल्ल्याचं कार्ड हातातून सोडेना. अक्षरांचं वळणही नीट आहे. शासनाच्या 2009 च्या निर्णयात ठरलेला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' इथे आहेत. पुढच्याच तासाला हिंदीच्या पुस्तकात वेगळा 'ल' बघणाऱ्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही. पदार्थांची नावं शिकवायला हा संच उत्तम. दोन आठवड्यांत पस्तीसेक नावं मुलांच्या तोंडात बसली.

अडचण विशेषणांपासून सुरू झाली.

'तिखट'च्या कार्डावर लालभडक मिरच्यांचा ढीग आहे. मी कार्ड वर धरलं, वर्गाने एका सुरात 'तिखट!' म्हटलं, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाटण्याहून आलेल्या एका मुलीच्या डब्यात भाजीत हिरवी मिरची आली. तिने ती चिमटीत धरून मला दाखवली आणि म्हणाली, "टीचर, हिरवं तिखट." तिने 'तिखट' हे मिरचीचं नाव म्हणून पाठ केलं होतं. आणि तिला चूक तरी कसं म्हणू? आपल्याच स्वयंपाकघरात 'दोन चमचे तिखट घाल' म्हणतात, तिखटाची बरणी असते, तिखटमिठाचा सांजा असतो. गोडाचंही तेच. जेवल्यावर 'काहीतरी गोड' हवं असतं. मराठीत हे शब्द वस्तूही सांगतात आणि गुणही. फोटोत येते ती फक्त वस्तू. गुण येतो तो जिभेवर.

'खारट'च्या कार्डावर मिठाची वाटी आहे. त्यावरून मुलांना वाटलं की मीठ असलेलं सगळंच खारट. पण खारे दाणे खारे असतात, खारी बिस्किटं खारी असतात, आणि भाजीत मीठ जास्त पडलं की ती खारट होते. 'खारट' म्हणताना तोंड थोडं वाकडं होतंच. तो फरक वाटीच्या फोटोत कुठून येणार? आणि 'आंबट' व 'तुरट' या दोन्ही कार्डांवर आवळाच आहे, कोन तेवढा वेगळा. मुलं गोंधळली. त्या वेळी मला ही चक्क निष्काळजी वाटली होती. त्याबद्दल पुढे पुन्हा लिहीनच.

म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी घरातला मिसळणाचा डबा वर्गात नेला. माझ्या आईचा, स्टीलचा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. मोहरी-जिरं काढून, घासून, सात वाट्या अशा भरल्या: गूळ, चिंच, मीठ, मेथीदाणे, मिरपूड, आवळकाठी, आणि मधल्या वाटीत ज्वारीच्या लाह्या, काहीही न लावलेल्या. आधी सगळ्या पालकांकडून लेखी परवानगी घेतली. कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते विचारलं, शेंगदाणे आणि तीळ मुळातच टाळले. मिरपूड चिमटीच्या टोकावर मावेल एवढीच. प्रत्येकाचा चमचा वेगळा. कुणी हा प्रयोग करणार असाल तर एवढं सांभाळाच.

मग क्रम उलटा केला. आधी जिभेवर चिमूट, मग शब्द, आणि सगळ्यांत शेवटी कार्ड. मेथीदाणा चावल्यावर जो चेहरा होतो त्या चेहऱ्यावर 'कडू' हा शब्द ठेवला की तो हलत नाही. गूळ-मीठ सोपं गेलं. आवळकाठीला वर्ग गप्प झाला. सगळी मुलं जीभ टाळ्याला लावून चक-चक करत होती. इंग्रजी बोलणाऱ्या मराठी मुलांकडे या चवीला शब्दच नव्हता. 'ड्राय' म्हणाली, 'वीअर्ड' म्हणाली. तेवढ्यात तमिळ घरातला एक मुलगा म्हणाला, "तुवर्प्पु." त्याच्या आजीकडे शब्द होता. तुवर्प्पु म्हणजे तुरट. हिंदीवाल्या दोघांना घरी विचारून यायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी ते 'कसैला' घेऊन आले. मुलाकडे ती चव घरच्या भाषेत आधीच असेल तर मराठी शब्द तिच्या शेजारी जाऊन बसतो, नव्याने काही रुजवावं लागत नाही. संचाच्या पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही. शिक्षकांना सुचवायची पहिली गोष्ट हीच असायला हवी होती.

तुरट चव कोरडी का वाटते, हेही दुसरीच्या मुलांना सांगता येतं. आवळ्यातली टॅनिनं नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा ओशटपणा जातो, जीभ खरखरीत लागते. "लाळ घट्ट पकडून ठेवतो तो तुरट," एवढं त्यांना पुरलं. आवळ्यावर पाणी प्यायला दिलं तर पाणी गोड लागलं. त्या दिवशीचा आनंद वेगळाच होता.

पुस्तिकेतल्या दोन चुका मात्र दुरुस्त व्हायलाच हव्यात. पहिली जिभेच्या नकाशाची: टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. हा नकाशा खोटा आहे. हेनिग या जर्मन शास्त्रज्ञाने 1901 मध्ये जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनेतले अगदी बारीक फरक मोजले होते. पुढे पाठ्यपुस्तकांमधून ते फरक फुगत गेले आणि त्यांच्या चक्क वाटण्या झाल्या. मी मुलांना गुळाचा कण जिभेच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगितला. "गोड!" नकाशा तिथल्या तिथे संपला. तिखट तर त्या नकाशात बसतच नाही, कारण ते चवीच्या यंत्रणेतून कळतच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची आणि वेदनेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं. हा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. 'तिखट लागलं' की मुलं तोंडाशी हात हलवून वारा घेतात, कारण त्यांना खरोखरच भाजल्यासारखं होतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून दूध किंवा दही द्यावं. हे मुलांना सांगितल्यावर 'भाजतं', 'झोंबतं', 'चरचरतं' ही क्रियापदं आपसूक वर्गात आली.

दुसरी चूक षड्रसांची, म्हणजे आयुर्वेदातल्या सहा चवींची. पुस्तिकेत 'कटु म्हणजे कडू, तिक्त म्हणजे तिखट' असं छापलंय. आहे नेमकं उलटं. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. कुणाच्या घरी त्रिकटु चूर्ण असेल तर चाटून पाहा. सुंठ, मिरी, पिंपळी यांतलं एकही कडू नाही. संस्कृतातून मराठीत येता येता शब्दांनी अर्थ बदलला. मुलांना हे शिकवायची गरज नाही, पण शिक्षकांसाठी म्हणून छापायचं तर बरोबर छापावं.

एक गोष्ट मला वर्गात शिकवता शिकवताच उमगली, आणि परप्रांतीय मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती कळावी असं वाटतं. चवीचे आपले मुख्य शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाहीत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. चिंच आंबट, लिंबू आंबट, आंबा आंबट, कैऱ्या आंबट. कुरकुरीत, खुसखुशीत, रसरशीत, मऊ, घट्ट, पातळ, गरम, गार हेही तसेच. तीन लिंगांच्या धास्तीने जी मुलं मराठीत तोंडच उघडत नाहीत, त्यांना इथे बिनचूक वाक्य बोलता येतं. पहिले दोन महिने मी फक्त हेच शब्द घेतले. कच्चा-कच्ची-कच्चं, शिळा-शिळी-शिळं, ताजा, ओला, कोवळा हे बदलणारे शब्द दिवाळीनंतर आणले. तोवर मुलांचा संकोच गेला होता, आणि 'कच्ची केळं' म्हटलं की वर्गातलाच कुणीतरी "कच्चं केळं!" म्हणून सुधारायला लागला. संचात मात्र दोन्ही प्रकारचे शब्द एकमेकांत मिसळलेत. आधी ते वेगळे करून दोन गठ्ठे करा.

आता कुरकुरीत आणि खुसखुशीत. संचात 'कुरकुरीत'ला चकली आहे आणि 'खुसखुशीत'लाही चकलीच, फक्त मोडलेली. मराठी माणसाला कळतं त्यांना काय म्हणायचंय. सात वर्षांच्या तेलुगू मुलाला कसं कळणार? मी भाजलेला उडदाचा पापड आणि घरची शंकरपाळी नेली. एकाने डोळे मिटून खायचं, शेजारच्याने कान देऊन ऐकायचं. पापड तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू आला. शंकरपाळं दाताखाली गेलं आणि ऐकणारा म्हणाला, "काही नाही आलं." खाणाऱ्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "संपलं!" तोच फरक आहे. कुरकुरीत ऐकू येतं, खुसखुशीत तोंडात विरतं. तुपाचं मोहन पिठाला लागतं, म्हणून त्याला चिवट तार धरता येत नाही, दाब पडला की ते भुगा होऊन जातं. मग मुलांनी आपापल्या डब्यातल्या वस्तू वाटायला सुरुवात केली. मठरी खुसखुशीत. केळ्याचे वेफर्स कुरकुरीत. मुरुक्कूवर मोठा वाद झाला आणि तो मिटला नाही.

'खमंग'चंही असंच. कार्डावर थालीपीठ आहे, पण खमंगपणा नाकाला कळतो. तीन छोट्या डब्या नेल्या: कच्चं जिरं, नुकतं भाजलेलं जिरं, आणि करपवलेलं जिरं. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, शब्द सांगायचा. 'कच्चं', 'खमंग', 'करपलेलं'. फक्त दहा मिनिटं लागली. पुढचे आठ दिवस जिन्यात, कँटीनच्या बाहेर, "टीचर, खमंग!" ऐकू येत होतं. एकदा प्रयोगशाळेशेजारून जाताना एक मुलगा थांबून म्हणाला, "करपलं." आत खरोखरच एक वायर जळाली होती.

पण या संचाबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार त्यात जे नाही त्याबद्दल आहे. चवींच्या 24 कार्डांत पाच कार्डं कौतुकाची आहेत: स्वादिष्ट, चविष्ट, रुचकर, लज्जतदार, चवदार. पाचही शब्दांचा अर्थ जवळपास एकच, आणि वर्षभरात एकाही मुलाने त्यांतला एकही शब्द आपणहून वापरलेला मी ऐकला नाही. डबा आवडला तर मूल खातं. बोलत नाही. ते बोलतं न आवडल्यावर, आणि न आवडल्याचा एकही शब्द संचात नाही. सपक नाही, अळणी नाही. वातड, चिवट, गिळगिळीत, गिचका, पाणचट, खवट, कळकट, सादळलेलं, काहीच नाही. त्यामुळे माझी मुलं सुरुवातीला फक्त 'यक' म्हणत. नाहीतर 'नाही आवडत'. 'यक'च्या पुढे संभाषण जात नाही.

हे शब्द मी पुठ्ठ्याच्या कोऱ्या कार्डांवर स्वतः लिहिले, आणि सगळ्यांत छान गेला तो 'सादळलेलं'. जुलै म्हणजे पुण्यातला ओलसर महिना. आदल्या संध्याकाळी मूठभर कुरमुरे उघड्या ताटलीत खिडकीशी ठेवले, मूठभर घट्ट झाकणाच्या डब्यात. सकाळी दोन्ही वर्गात. डब्यातले कुरमुरे दाताखाली फुटत होते, ताटलीतले दबून परत वर येत होते. एक मुलगा म्हणाला, "हे झोपलेत." मी शब्द दिला: सादळलेत. हवेतला ओलावा आत शिरला की कुरकुरीत वस्तू सादळते, असं सांगितलं. चार दिवसांनी, मोठ्या पावसात भिजत आलेल्या त्याच मुलाने दप्तरातून वही काढली, पानं बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "टीचर, माझी वही सादळली." काडेपेटी सादळते, कागद सादळतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सुट्टीपर्यंत पुसलं नाही.

'फिकं' हा शब्दही इथे येतो. हिंदी बोलणारी मुलं मीठ नसलेल्यालाही 'फिकं' म्हणतात, साखर नसलेल्यालाही, मसाला नसलेल्यालाही. मराठीत हे तिघं वेगळे राहतात: मीठ नाही ते अळणी, साखर कमी ते अगोड, कशाचीच चव नाही ते सपक. डब्यातल्या मधल्या वाटीतल्या लाह्या इथे कामाला आल्या. नुसती लाही अळणी. चिमूटभर मीठ टाकलं की ती अळणी राहत नाही. मुलांना हा एक प्रकारचा जादूचा खेळ वाटला, आणि 'अळणी' हा शब्द कुणाला विसरला नाही.

या नावडत्या शब्दांवर सप्टेंबरच्या पालकसभेत आक्षेप आला. एक आजी आल्या होत्या, नातीला घ्यायला रोज त्याच येतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, आम्ही मुलांना अन्नाला नावं ठेवू नका म्हणून वाढवलं. तुम्ही तर नावं शिकवताय." मला ते लागलं, कारण मीही त्याच शिस्तीत वाढले आहे. ताटात पडेल ते खायचं, तोंड वेडंवाकडं करायचं नाही. आजींना मी म्हटलं की मला चार दिवस द्या. मग वर्गात एक नियम केला: खाण्यात काही कमी वाटलं तर शब्द सांगायचा आणि त्यापुढे काय हवं तेही सांगायचं. "आमटी अळणी आहे. मला मीठ हवं." "पोळी वातड झाली. गरम हवी." "भात गिचका झाला. दही हवं." नुसता शब्द टाकून थांबायचं नाही. भाषा शिकवणारी म्हणून मला यात आणखी एक फायदा दिसला. 'मला हवं-हवी-हवा' ही रचना अमराठी मुलांना फार जड जाते आणि इथे ती रोज तीस वेळा घोटली जात होती. आजींना पुढच्या आठवड्यात मुद्दाम वर्गात बोलावलं, मागच्या बाकावर बसवलं. मधल्या सुट्टीत त्यांची नात डबा उघडून म्हणाली, "आजी, भेंडी निबर आहे. उद्या कोवळी हवी." आजी म्हणाल्या, "हे मात्र खरं आहे. मीच आणली होती."

त्याच महिन्यात एका आईचा रात्री नऊला मेसेज आला. "मॅम, ये वातड क्या होता है? बेटी कह रही है पराठा वातड है, गरम वाला चाहिए." सकाळी सातला केलेला पराठा साडेदहापर्यंत वातड होणारच. मी शब्द समजावला. त्यांनी पीठ दुधात मळायला सुरुवात केली, डब्यात कापडी रुमालात गुंडाळून पराठा द्यायला लागल्या. आठवडाभराने मुलगी सांगत आली, "टीचर, आज मऊ." त्या घरात मराठी कुणी बोलत नाही. 'वातड' मात्र आता तिथे सगळे बोलतात.

उच्चाराच्या ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. ते वापरू नका. आवाज गोड आहे, पण 'चव' आणि 'चमचमीत' मधला च त्या बाईंनी 'चिवट'मधल्या चसारखा म्हटला आहे, आणि 'झणझणीत'मधला झ पूर्ण हिंदी आहे. चव शिकवायच्या संचात 'चव' हाच शब्द चुकीचा ऐकू यावा याचं मला फार वाईट वाटलं. मी स्वतःच्या आवाजात सगळे शब्द मुद्रित केले आणि पालकांना पाठवले. दोन च ओळखायचा खेळही त्यातून निघाला. 'चव'मधल्या 'च'ला जीभ दातांमागे, चिवटच्या 'च'ला टाळ्याला. मल्याळी मुलीला तो सगळ्यांत आधी जमला.

टिकाऊपणा बरा. 34 मुलांच्या हातांतून वर्षभर जाऊन चार-पाच कार्डांचे कोपरे सुटलेत, तेवढेच. पाणी पुसता येतं, चिंचेचे डाग जात नाहीत. डबा पातळ पुठ्ठ्याचा, दिवाळीपर्यंतच टिकला. आता कार्डं एका चौकोनी प्लास्टिकच्या डब्यात आहेत.

घ्यावा का? पदार्थांची नावं शिकवायची असतील, किंवा परदेशातल्या मराठी शाळेत, जिथे थालीपीठ-पिठलं मुलांनी पाहिलेलंच नसतं, तिथे नक्की घ्या. 430 रुपये वसूल होतील. चवींची 24 कार्डं मात्र आधी बाजूला ठेवा, मिसळणाचा डबा भरा, मुलांच्या तोंडात शब्द आला की मग कार्ड दाखवा. कौतुकाच्या पाचांपैकी एकच ठेवा. आणि पुठ्ठ्याची वीस कोरी कार्डं जवळ ठेवा. माझी अठरा भरली. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा या अठरा शब्दांची यादी प्रकाशकांना पाठवायची मी तयारी ठेवली आहे. संच त्यांनी जीव लावून केलाय हे फोटोंवरून दिसतं, म्हणूनच हे एवढं सगळं लिहिलं.

आवळ्याच्या दोन कार्डांबद्दल लिहायचं राहिलं. पाडव्याच्या आधीच्या शेवटच्या तासाला आम्ही कडुलिंबाची चटणी केली. कोवळा पाला, गूळ, चिंच, ओवा, मीठ, मिरी. तेलुगू मुलगा म्हणाला, "आमच्याकडेपण, त्याच दिवशी. उगादी पच्चडी." त्यात कैरी असते, म्हणून सुट्टीनंतर त्याच्या आईने कैरीच्या फोडी पाठवल्या. त्याने फळ्याखाली सहा कार्डं मांडली आणि प्रत्येकापुढे वस्तू ठेवत गेला. चिंच आंबट. आणि कैरी त्याने ठेवली 'तुरट'पुढे. मराठी घरातल्या मुलीने हरकत घेतली. "कैरी आंबट असते." तो म्हणाला, "आंबट चिंच आहे. कैरी तुरट. आमच्या घरी तुरट." दोघांनी एकेक फोड खाल्ली. तिने चघळली, थांबली, सालीकडचा भाग पुन्हा चावला. "साल तुरट आहे," ती म्हणाली, "आत आंबट." मग तिने 'आंबट' आणि 'तुरट' ही दोन्ही कार्डं, दोन्हींवर तोच आवळा, शेजारी शेजारी सरकवली आणि फोड बरोबर मधल्या फटीवर ठेवली.